आधी नोंद, मग गणवेश

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मध्ययुगीन तटबंद्यांवरचा प्रबंध अर्ध्यावर आहे, सैन्याच्या राखीव दलात अधिकारी म्हणून निवड झाली आहे, आणि तुझे मार्गदर्शक म्हणतात की दोन डगरींवर पाय ठेवू नकोस. आता कुठला पाय उचलू, असं तू मला विचारतेस. मला राग आला तो या प्रश्नाचा, तुझा नाही. युद्धात वारसा का जपायचा हे तुला सांगायची गरज नाही, तेव्हा सरळ मुद्द्याचं लिहिते.

दोन्ही कर. पण क्रम चुकवू नकोस. आधी वास्तूंची नोंद, म्हणजे तुझा प्रबंध; मग गणवेश.

युद्ध पेटल्यावर धावत जाऊन काही वाचवणाऱ्यांच्या गोष्टी सगळ्यांना आवडतात. तू त्यांच्या आधी काय घडलं ते वाच. इटलीतला माँते कासिनोचा मठ सहाव्या शतकात स्थापन झाला आणि 15 फेब्रुवारी 1944 ला बॉम्बवर्षावात जमीनदोस्त झाला. त्याचं दप्तर आणि ग्रंथसंग्रह मात्र वाचला, कारण काही महिने आधीच तो ट्रकांत भरून रोमकडे हलवला होता. इ. स. 960 चा एक न्यायनिवाडा त्या दप्तरातला आहे, इटालियन लोकभाषेच्या सर्वांत जुन्या लिखित नमुन्यांपैकी एक. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथीड्रलच्या मध्ययुगीन रंगीत काचा 1939 मध्येच उतरवून दूर नेल्या होत्या. ऑगस्ट 1944 मध्ये त्याच्या मनोऱ्यांत जर्मन टेहळे असल्याचा संशय आला, तेव्हा वेलबॉर्न ग्रिफिथ हा अमेरिकन कर्नल स्वतः आत जाऊन बघून आला आणि तोफांचा मारा टळला. त्याच दिवशी तो जवळच्याच गावात मारला गेला. त्याच्यापुढे मी मान झुकवते. पण असा माणूस नेमक्या वेळी नेमक्या जागी असेल, यावर विसंबून संरक्षणाची योजना आखता येत नाही. काचा वेळेवर उतरवणं ही योजना झाली.

इटलीतल्या पिसाचं काम्पोसान्तो, म्हणजे तिथली मध्ययुगीन दफनभूमी, तुझ्या मार्गदर्शकांना नक्की माहीत असेल. जुलै 1944 मध्ये तिथलं छप्पर पेटलं, त्यावरचं शिसं वितळलं आणि चौदाव्या शतकातल्या भित्तिचित्रांवरून ओघळलं. डीन केलर हा चित्रकलेचा प्राध्यापक सप्टेंबरमध्ये सैन्याचा अधिकारी म्हणून तिथे पोचला. खाली पडलेले गिलाव्याचे रंगीत तुकडे त्याने गोळा करवले आणि सैन्यातल्या इंजिनिअरांना हाताशी धरून वर तात्पुरतं छप्पर घालून घेतलं. अंगावर गणवेश होता म्हणून त्याला माणसं आणि सामान मिळालं. भित्तिचित्रं कळत होती म्हणून पहिल्यांदा छप्परच मागायचं हे उमगलं. यातली कुठली डगर सोडायची ते तुझ्या मार्गदर्शकांनाच विचार.

मध्ययुगीनच कशाला, असं तुला लोक विचारतील, मलाही विचारायचे. माझ्या शिक्षणाच्या काळात वरचे मध्ययुगीन थर म्हणजे खालच्या ‘खऱ्या’ पुरातत्त्वाच्या वाटेतली अडचण, असं मानून भराभर उकरले जायचे. झिलई दिलेली खापरं न धुता पडून राहायची. त्या ढिगांपाशी बसून मी हट्टाने वर्गीकरण करत राहिले, आणि पुढे सैन्यातल्या कामात मला सर्वांत जास्त उपयोग त्याचाच झाला. कारण अगदी साधं आहे. मध्ययुगात किल्ला मोक्याच्या उंचीवर बांधला, पूल नदीच्या अरुंद जागी बांधला, मिनार गावात सर्वांत उंच केला. बांधणाऱ्याने ज्या कारणासाठी जागा हेरली, त्याच कारणासाठी आजचा कंपनी कमांडर ती हेरतो. इराकमधल्या सामराच्या नवव्या शतकातल्या सर्पिल मिनारावर अमेरिकी नेमबाज बसले. नंतर, एप्रिल 2005 मध्ये, स्फोटात त्याच्या टोकाचं नुकसान झालं. सीरियातल्या अलेप्पोच्या उमय्या मशिदीचा अकराव्या शतकातला मिनार एप्रिल 2013 मध्ये लढाईत कोसळला. अशा वास्तू संग्रहालयात हलवता येत नाहीत. लोक तिथे राहतात, नमाज पढतात, बाजार भरवतात, आणि म्हणूनच त्यांची नोंद सर्वांत अपुरी असते. ही नोंद करायला तू नाही तर कोण येणार?

आता नोंद म्हणजे काय, हे नीट ऐक. इथे फार जण ढिलाई करतात. किल्ल्याच्या मधोमध एक बिंदू टाकायचा आणि नाव लिहायचं, याला मी नोंद म्हणत नाही. तोफखान्याच्या अधिकाऱ्याला तो बिंदू दिलास तर बालेकिल्ला तेवढा वाचेल आणि माचीवर गोळे पडतील. त्याला हद्द हवी, तटाच्या बाहेरच्या कडेची बंदिस्त रेघ हवी, आणि तो वापरतो त्याच ग्रिडमध्ये, म्हणजे लष्करी नकाशावरच्या चौकटींच्या मापात, हवी. जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश आजच्या प्रणालीत न बदलता उतरवलेस, तर काही ठिकाणी जागा शंभर मीटरहून जास्त सरकते. तेवढ्यात आख्खा दरवाजा आणि त्याचा बुरूज हद्दीबाहेर जातो. प्रत्येक नोंदीपुढे एका ओळीत लिही की इथे काय करायचं नाही: वाहनं उभी करू नका, खंदक खणू नका, माती उचलू नका. 

मातीचं मुद्दाम सांगते. 2003 आणि 2004 मध्ये इराकमधल्या बॅबिलोनच्या अवशेषांवर लष्करी तळ होता. तिथल्या सैनिकांनी खापरं आणि विटांचे तुकडे असलेली माती वाळूच्या पोत्यांत भरली, आणि जड वाहनांखाली प्राचीन फरसबंदी फुटली. त्यात कुणाचा द्वेष नव्हता. पोती भरायची होती आणि माती समोर होती. माती कुठून आणायची ते आदल्या महिन्यात कुणी नकाशावर दाखवलं असतं तर एवढं नुकसान टळलं असतं. म्हणून पुन्हा सांगते: आधी नोंद.

कायदाही तेच म्हणतो. युद्धात सांस्कृतिक वारसा जपण्यासाठीच्या 1954 च्या हेग कराराचं सातवं कलम पाठ कर. सैन्यात या कामाचे तज्ज्ञ नेमायचे ते शांततेच्या काळात, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. चौथ्या कलमात अपरिहार्य लष्करी गरजेचा अपवाद आहे, आणि तुझे सगळे वाद त्या अपवादावरच होतील. गरज खरंच अपरिहार्य आहे का, दुसरी टेकडी चालेल का, हे कमांडरला विचारायला दुसरी टेकडी तुला माहीत असायला हवी. नुसती तळमळ तिथे उपयोगाची नाही. मालीतल्या तिंबक्तूचे मकबरे 2012 मध्ये पाडले गेले आणि 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने त्यासाठी शिक्षा सुनावली. त्या खटल्यातही पाडण्याआधीची आणि नंतरची उपग्रहचित्रं शेजारी ठेवून दाखवावी लागली.

या सगळ्याची किंमत पडते, ती तुझ्यापासून लपवणार नाही. मला बढती उशिरा मिळाली. प्रशिक्षणं आणि तैनातीत वर्षं गेली, आणि ज्या खापरांचा कालक्रम मी लावत होते तो दुसऱ्या कुणीतरी आधी छापला. ती सल अजून आहे. विभागात मला ‘फौजी’ म्हणायचे, मेसमध्ये ‘प्रोफेसर’, आणि दोन्हीकडे सूर एकच असायचा: ही आपली नव्हे. पण ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर 1943 मध्ये लिबियात लेप्टिस माग्ना या प्राचीन रोमन शहराचं सैनिकांकडूनच होणारं नुकसान थांबवू शकले, ते ब्रिटिश सैन्याचे अधिकारी असल्यामुळे. पुढच्याच वर्षी ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. त्यांच्यावर हवी तेवढी टीका कर, मीही करते. पण एकाच माणसात दोन्ही मावत नाही, असं मला कुणी ऐकवू नये. माझ्यात मावलं. बढतीच्या बदल्यात मला जे करता आलं ते मी कुणालाही देणार नाही.

एक आक्षेप मात्र मी गांभीर्याने घेते. इराक युद्धानंतर कित्येक पुरातत्त्वज्ञ म्हणाले की सैन्याला मदत करणं म्हणजे युद्धाला हातभार लावणं. असं म्हणणारे तुलाही भेटतील. त्यांना टाळू नकोस, त्यांच्याशी बोल. आणि स्वतःसाठी एक रेघ आखून घे: तुझी माहिती काय वाचवायचं हे सांगण्यासाठी वापरली जाईल, कुणाला गाठायचं हे सांगण्यासाठी कधीच नाही. गावकऱ्यांनी विश्वासाने दाखवलेली वाट टेहळणीच्या अहवालात गेली, तर पुढच्या पिढीतल्या कुठल्याच पुरातत्त्वज्ञाला ते गाव दार उघडणार नाही. तशी मागणी झाली तर नकार लेखी दे.

तेव्हा आता हे कर. रुजू व्हायची तारीख पुढे ढकलून मिळते का, ते विचारणारं पत्र या आठवड्यात पाठव. नाही म्हणाले तर पुढच्या तुकडीसाठी पुन्हा अर्ज कर. ज्याने एकदा निवडलं तो पुन्हाही निवडू शकतो, पण अर्धा टाकलेला प्रबंध क्वचितच कुणी पुन्हा हातात घेतं. मार्गदर्शकांशी वाद घालू नकोस, त्यांना पूर्ण प्रकरणं दे. आणि पत्रासोबत पाठवलेल्या परिशिष्टात तू प्रत्येक तटबंदीला एकेक बिंदू दिला आहेस. परीक्षक ते चालवून घेतील. मी घेणार नाही. हद्दी आखून परिशिष्ट मला परत पाठव.

तुझ्या,
बाई