आधी बियांचा भाव ठरव

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

चॉकलेटच्या धंद्यातून कोको पिकवणाऱ्यांचं भलं व्हावं असं तू लिहितेस, त्याचा मनापासून आनंद झाला. मग वेष्टनाचं चित्र नि ब्रँडचं नाव तूर्त बाजूला ठेव आणि कर्नाटकातलं पुट्टूर, केरळातलं इडुक्की नाहीतर तमिळनाडूतल्या पोल्लाचीकडे जाऊन ये. तिथे कोको बहुतेक नारळी-पोफळीच्या सावलीत आंतरपीक म्हणून असतो. फळं फोडायची आणि ओल्या बिया लगेच विकून मोकळं व्हायचं, ही कित्येकांची रीत. अशा विक्रीत चांगल्या बीला वेगळा पैसा क्वचितच मिळतो.

चव मात्र त्या पुढच्या आठवड्यात घडते. बिया लाकडी पेटीत केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस आंबवायच्या, मधून मधून खालवर करायच्या. आतली उष्णता 45-50 अंशांपर्यंत चढायला हवी. एकट्याच्या थोड्याशा बिया ती ऊब धरत नाहीत, म्हणून शेजाऱ्यांनी मिळून आंबवलेलं बरं. पेट्यांचा खर्च तू उचल. नंतर ओलावा सातेक टक्क्यांवर येईपर्यंत वाळवण, आणि पावसाळ्यात तेच सगळ्यात जिकिरीचं. बुरशी चढली की माल गेला. एवढं करून तीन किलो ओल्या बियांचा साधारण किलोभर सुका माल होतो. ही मेहनत आणि ही घट तुझ्या भावात दिसली नाही, तर कोणी का आंबवत बसावं?

आता हिशेब कर. भाजून, टरफलं काढून किलोभर बियांचा पाऊण किलो गर उरतो. त्यात सत्तर टक्के कोकोच्या, 70 ग्रॅमच्या पंधरा वड्या होतात. किलोमागे शंभर रुपये जास्त दिलेस तर वडीमागे सात रुपयेसुद्धा वाढत नाहीत. तुझी वडी तीनशेला विकली जाणार असेल, तर या सात रुपयांवर घासाघीस करू नकोस. मला तरी ती अन्यायाची वाटते.

भाव चढे असताना सगळेच गोड बोलतात. 2024 मध्ये जागतिक भाव टनाला 10,000 डॉलरच्या वर गेला, 2025 मध्ये बराच उतरला. म्हणून किमान भाव हंगामाआधीच कागदावर लिहून दे. बाजार वर गेला तर त्याच्याही वर दे, खाली आला तर लिहिलेल्यावर ठाम राहा. पैसे वजन होताच, काट्यापाशी. माल नाकारायची वेळ आली तर बिया शेतकऱ्यासमोर उभ्या चिरून दाखव: आतून पाटीसारखी करडी बी आंबलेलीच नाही, जांभळी कच्ची, तपकिरी आणि भेगाळलेली चांगली. ही पारख त्याच्याही हाती आली की पुढच्या खेपेला तोच आधी बी चिरून बघेल.

पहिल्या वर्षी दोन-तीन घरांचाच माल घे. पण कबूल केलास तेवढा सगळा घे. भावाचा आकडा ठरला की कळव.

तुझा,
काका