वाचकांचे प्रश्न: टँक स्वतःच सावरत असेल, तर हीलरचे काम काय?

प्रश्न: आम्ही नागपुरातले पाच मित्र, दोघे धरमपेठेतले आणि बाकीचे मानेवाडा व वाडीकडचे, शनिवारी रात्री एकत्र ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळातली डंजन, म्हणजे पाच जणांनी मिळून लढायच्या मोहिमा, खेळतो. मी हीलर आहे, म्हणजे सोबत्यांची हेल्थ (जीवनशक्ती) भरून काढणे हे माझे काम. आमचा टँक, म्हणजे पुढे राहून शत्रूंचा मार सोसणारा खेळाडू, ‘ब्लड डेथ नाइट’ हे पात्र खेळतो. तो शत्रूंचे मोठे घोळके एकदम अंगावर घेतो, तेव्हा त्याची हेल्थ माझ्या मदतीशिवाय भरत राहते. मात्र काही बॉसपुढे, म्हणजे डंजनमधल्या बलाढ्य शत्रूंपुढे, तोच टँक एका फटक्यात पडतो आणि बोल मला लागतो. टँकला इतके स्वयंपूर्ण करणे हा खेळाच्या रचनेतला असमतोल नाही का? – एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर: आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. २००८ साली खेळात आलेल्या डेथ नाइटचा ‘डेथ स्ट्राइक’ हा वार, गेल्या पाच सेकंदांत जितका मार सोसला असेल त्या प्रमाणात हेल्थ परत देतो. घोळक्याचा मार एकूण मोठा असला तरी तो लहान लहान घावांतून येतो, त्यामुळे दोन घावांच्या मधे सावरायला अवधी मिळतो. बॉसचा एकच घाव उरलेल्या हेल्थपेक्षा मोठा असेल, तर भरून काढायला टँक जिवंतच राहत नाही. असा घाव आधीच बोथट करावा लागतो, आणि तिथे तुमची गरज खरोखर लागते. डिसिप्लिन प्रीस्ट या प्रकारच्या हीलरचे ‘पेन सप्रेशन’ आठ सेकंदांसाठी मार ४० टक्क्यांनी कमी करते. ते घाव पडण्यापूर्वी दिले तरच उपयोगाचे.

असमतोलाचा आपला आक्षेप मला बऱ्याच अंशी मान्य आहे, परंतु दोष टँकला हेल्थ परत मिळते यात नसून ती शत्रूंच्या संख्येबरोबर वाढत जाते यात आहे. ‘फायनल फँटसी १४’ या दुसऱ्या ऑनलाइन खेळातल्या वॉरियर या टँकचे ‘ब्लडव्हेटिंग’ हे कौशल्य आठ सेकंद टिकते आणि पंचवीस सेकंदांनी पुन्हा वापरता येते. त्या काळात अनेकांना एकदम लागणारा वार केला, तर लागलेल्या प्रत्येक शत्रूमागे हेल्थ मिळते. म्हणजे जितका मोठा घोळका, तितका टँक अधिक सुरक्षित! धोका वाढावा तशी सोबत्यांची गरजही वाढायला हवी, आणि इथे नेमके उलटे घडते. अशा वेळी रचनाकारांनी सरसकट मार वाढवला, तर ढाल आणि चिलखतावर विसंबणाऱ्या, स्वतःला फारसे भरून न काढणाऱ्या टँकांवर विनाकारण अन्याय होतो. त्यापेक्षा काही शत्रूंनंतर मिळणारी हेल्थ घटत जावी, हा उपाय मला अधिक न्याय्य वाटतो.

वॉरक्राफ्टच्या रचनाकारांनाही हे गणित एकदम सुटलेले नाही. खेळाच्या २०१२च्या ‘मिस्ट्स ऑफ पँडारिया’ या विस्तारात टँकने स्वतःचा बचाव योग्य क्षणी स्वतः करावा, या विचाराला बळ मिळाले, २०१४मध्ये ‘रिझॉल्व्ह’ आले, ज्यात सोसलेल्या मारानुसार टँकचे स्वतःवरचे उपचार वाढत, आणि २०१६च्या ‘लीजन’ या विस्तारात ते काढून टाकण्यात आले.

माझ्या मते कसोटी अशी असावी: हीलर काही सेकंद इतरांना वाचवण्यात गुंतला असताना कसबी टँकने तग धरावा, परंतु हीलर मेल्यावर अख्खी लढाई त्याने एकट्याने ओढून नेऊ नये. पहिली गोष्ट नसेल तर हीलरला टँकच्या हेल्थवरून नजर हलवता येत नाही, आणि दुसरी सहज शक्य झाली तर पाच जणांच्या डंजनमधली एक जागा नावापुरती उरते.

येत्या शनिवारी बॉसला हात घालण्यापूर्वी त्याचे मोठे घाव कोणते, ते पाचही जणांनी पाहून घ्यावे. पहिल्याला टँकने स्वतःचा बचाव वापरावा आणि दुसऱ्याला आपण आपला द्यावा, असे बोलून ठरवावे. घोळक्याच्या वेळी टँक सावरत असेल, तर आपण उरलेल्या तिघांकडे लक्ष द्यावे, आणि तेही सुरक्षित असतील तर निःसंकोच शत्रूवर वार करावेत.