‘आमच्यासारख्यांना कोण शिष्यवृत्ती देणार?’

मडगावहून एका आईचं पत्र आलंय. थोडक्यात असं: ‘मुलगी अकरावी सायन्सला आहे, गोवा बोर्ड. दहावीला ८८ टक्के. फिजिक्स आणि गणित तिला मनापासून आवडतं. इंजिनिअरिंग करू की बीएस्सी, हे ठरत नाही. मिस्टर वेर्ण्याला कंपनीत आहेत, मी एका दुकानाचे हिशेब बघते. दोघांचं मिळून वर्षाला सात लाखांच्या आसपास हातात येतं, शिवाय केप्याच्या घराचं थोडं भाडं. फातोर्ड्याच्या फ्लॅटचे हप्ते चालू आहेत. आमच्यासारख्यांना कोण शिष्यवृत्ती देणार, असं सगळेच म्हणतात. एक एजंट पंधरा हजारांत स्कॉलरशिपची फाइल करून देतो म्हणतोय. आणि दीर म्हणतात, तिला राजस्थानात कोटाला पाठवा, बारावीही तिकडूनच होईल. काय करू?’

ताई, नमस्कार.

एजंटचा विषय आधी संपवू. त्याला एक रुपयाही देऊ नका. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरायला पैसे लागत नाहीत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो तुमच्याकडे मुलीचं आधार, ओटीपी आणि बँक खातं मागणार. शिष्यवृत्तीची रक्कम थेट त्याच खात्यात येते. हे तपशील परक्या माणसाच्या हातात का द्यायचे? अर्ज तिलाच भरू द्या, तुम्ही शेजारी बसा.

आता कोटा. दिरांचा हेतू चांगला आहे, पण बारावी तिकडच्या ‘डमी’ शाळेतून, म्हणजे नाव शाळेत आणि दिवस क्लासमध्ये अशा पद्धतीने, करण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. एनआयटीच्या प्रवेशात उमेदवार कुठल्या राज्याचा, हे तो बारावी कुठून पास झाला त्यावर ठरतं. जन्म मडगावचा, घर मडगावला, पण बारावी राजस्थानातून, तर एनआयटीच्या हिशेबात ती राजस्थानची. मग कुंकळ्ळीच्या एनआयटी गोव्यात राज्यासाठी ज्या जागा वेगळ्या असतात, त्यांवरचा तिचा हक्क जातो. आपलं राज्य एवढंसं, त्या जागांसाठीची चढाओढ देशपातळीपेक्षा कितीतरी कमी. हा फायदा हातचा घालवून लाखो रुपये क्लासला भरायचे, हे मला पटत नाही. आयआयटीत राज्याचा कोटा नसतो हे खरं, पण तिथे मुलींसाठी २०२० पासून २० टक्क्यांपर्यंत जादा जागा आहेत, आणि जेईईची तयारी मडगावात राहूनही होते. मुलीची बारावी गोव्यातच होऊ द्या.

यातच मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट येते. शहरातली आपली मंडळी आधी प्रवेश घेतात, फी भरतात आणि मग शिष्यवृत्ती शोधायला लागतात. खरं तर कुठल्या संस्थेत, कुठल्या कोर्सला जायचं हे ठरतं तेव्हाच पैशाचाही बराचसा निकाल लागलेला असतो. म्हणून हे दोन शोध एकत्र चालवायचे आणि अकरावीतच सुरू करायचे. तुम्ही वेळेत लिहिलंत.

तुमचं उत्पन्न नीट बघू. ‘हातात सात लाख’ असं तुम्ही लिहिलंय, पण योजनांमध्ये पाहतात ते एकूण उत्पन्न, पीएफ आणि कर कापायच्या आधीचं. मिस्टरांचा फॉर्म १६ काढा, त्यात तुमचा पगार मिळवा, केप्याचं भाडं मिळवा. गोव्यातल्या नवराबायकोला आयकरात पगार सोडून बाकीचं उत्पन्न अर्धं अर्धं दाखवावं लागतं, म्हणजे ते भाडं दोघांच्या रिटर्नमध्ये विभागलेलं असणार. एकट्या वडिलांचं रिटर्न जोडलं तर आकडा चुकतो. बेरीज आठ लाखांच्या आत येते का, हे बघा. तुमच्यासाठी बऱ्याच गोष्टी या एका रेषेवर अडतात.

आठच्या आत असाल आणि तुम्ही खुल्या प्रवर्गात असाल, तर ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, दाखला बघा. केंद्राच्या संस्थांत त्यावर १० टक्के जागा आहेत. पण एक अट लोक वाचतच नाहीत: कुटुंबाच्या मालकीचा राहता फ्लॅट १००० चौरस फूट किंवा त्याहून मोठा असेल, तर उत्पन्न कितीही कमी असो, दाखला मिळत नाही. फ्लॅटचा करारनामा काढून क्षेत्रफळ बघा. केप्याचं घर कोणाच्या नावावर आहे तेही बघा, कारण कुटुंबाची वेगवेगळ्या ठिकाणची मालमत्ता एकत्र धरतात. हा दाखला आधीच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर असतो, म्हणून तो प्रवेशाच्या वर्षी, एप्रिलनंतर काढायचा. आज काढून ठेवलात तर तेव्हा उपयोग नाही.

आता शिष्यवृत्त्या. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची केंद्राची जी मोठी योजना आहे, तिची उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख. ती तुमची नाही, तिच्यामागे वेळ घालवू नका. नातेवाईक एनटीएसईचं, म्हणजे राष्ट्रीय प्रतिभा शोध परीक्षेचं, नाव घेतील. ती परीक्षा २०२१ पासून थांबलेली आहे.

तुमच्या मुलीसाठी पहिलं नाव एआयसीटीईच्या, म्हणजे तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, ‘प्रगती’ शिष्यवृत्तीचं. तांत्रिक पदवी किंवा पदविकेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलींना वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. संस्थेला एआयसीटीईची मान्यता हवी. फर्मागुढीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजला तिने प्रवेश घेतला आणि प्रगती मिळाली, तर चार वर्षांत दोन लाख होतात. दुसऱ्या बाजूला एनआयटीची नुसती ट्यूशन फी वर्षाला सव्वा लाख आणि आयआयटीची दोन लाख आहे. तिथली दोन तृतीयांश फीमाफी पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला, म्हणजे तुम्हाला पूर्ण फी. याचा अर्थ एनआयटी सोडा असा नाही. पण तुलना करताना नुसतं कॉलेजचं नाव न बघता चार वर्षांचा पूर्ण खर्च शेजारी शेजारी मांडा, हॉस्टेल आणि मेससकट.

खासगी क्षेत्रात रिलायन्स फाउंडेशनची पदवीसाठीची शिष्यवृत्ती आहे: पूर्ण पदवीसाठी दोन लाखांपर्यंत, उत्पन्न पंधरा लाखांच्या आत. कमी उत्पन्नाच्या घरांना प्राधान्य मिळतं आणि त्यांची चाचणी द्यावी लागते, तरी तिने अर्ज करावाच.

कर्ज लागलं तर आधी पर्वरीच्या गोवा शिक्षण विकास महामंडळाकडे चौकशी करा. त्यांची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे आणि ती माहीत नसलेली घरं मला दर वर्षी भेटतात. त्यासाठी गोव्यातल्या वास्तव्याचा पुरावा लागतो. केंद्राची ‘पीएम विद्यालक्ष्मी’ नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, आणि आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत. मात्र दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत घेत असाल तर ती मिळत नाही.

आणि बीएस्सी? फिजिक्स खरंच आवडत असेल तर ‘प्रवेश मिळाला नाही म्हणून बीएस्सी’ ही भाषा घरात होऊ देऊ नका. बोर्डाच्या वरच्या १ टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांना केंद्राच्या ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्तीतून वर्षाला ८०,००० रुपये मिळतात, उत्पन्नाची अट नाही. हा १ टक्का ज्या त्या बोर्डाचा वेगळा मोजतात, म्हणजे तिची स्पर्धा गोवा बोर्डातल्या मुलांशी. ८८ वरून तिथे पोचायला चांगलीच मेहनत लागेल, हे तिला आजच सांगा. पुण्याच्या आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थेसाठी वेगळी परीक्षा असते, जेईईवर प्रवेश नाही. पुढे एमएस्सी-पीएचडीच्या टप्प्यावर मनोहर पर्रीकर यांच्या नावाची ‘गोवा स्कॉलर्स’ योजना आहे, ती नामांकित विद्यापीठांतल्या उच्च शिक्षणासाठी.

शेवटी कागद. चांगल्या गुणांच्या मुलांचे अर्ज मी इथे अडकलेले पाहिले आहेत. गोव्यात एकच आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं: जन्मदाखल्यावर ‘गांवकर’ एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या, बोर्डाच्या गुणपत्रिकेवर तिसऱ्या. पोर्टलला ते तिघे वेगळे वाटतात. मुलीचे तिन्ही कागद टेबलावर मांडून अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक असेल तर आधार आत्ताच दुरुस्त करून घ्या, आणि बोर्डाचा बारावीचा फॉर्म भरताना नाव स्वतः तपासा. तिच्या नावाचं बँक खातं उघडा आणि बँकेत नीट विचारा की आधार नुसतं जोडलंय की थेट लाभ जमा होण्यासाठी सीडिंग झालंय. ते झालं नसेल तर मंजूर रक्कमही खात्यात येत नाही. उत्पन्नाचा आणि वास्तव्याचा दाखला मामलेदार कार्यालयातून मिळतो, अर्ज गोवा ऑनलाइनवर करता येतो. अर्ज भरून झाल्यावर कॉलेजने तो पडताळावा लागतो. तिथल्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्याला, भेटा आणि ‘त्रुटी’ म्हणून परत आलाय का, हे पोर्टलवर अधूनमधून बघत राहा. चतुर्थीच्या गडबडीत हे हमखास राहून जातं.

जाता जाता एक विनंती. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंचं मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत आठवीत असेल, तर त्यांना एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेबद्दल सांगा. साडेतीन लाखांपर्यंतच्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. सातवीला ५५ टक्के हवेत. अर्ज शाळेला विचारून भरायचा.

फॉर्म १६ ची बेरीज, फ्लॅटचं क्षेत्रफळ आणि मुलीचे अकरावीचे फिजिक्स-गणिताचे गुण मला कळवा. मग इंजिनिअरिंग की बीएस्सी, यावर तिच्याशी बोलू. त्या वेळी पत्र तिने लिहावं.