पायथनमधल्या इनिटला कन्स्ट्रक्टर म्हणावे का?

पायथनची इनिट ही मेथड कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार करणारी मेथड) नसून केवळ इनिशियलायझर (तयार ऑब्जेक्टला सुरुवातीची मूल्ये देणारी मेथड) आहे, हे विधान योग्य आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते विधान बरोबर आहे, पण त्याच्या समर्थनार्थ नेहमी दिले जाणारे कारण पुरेसे नाही. इनिट चालू होते तेव्हा ऑब्जेक्ट आधीच तयार झालेला असतो, हे ते कारण. जावामध्येही तसेच घडते: न्यू ही बाइटकोडमधली, म्हणजे कंपाइल झालेल्या जावा कोडमधली, सूचना मेमरी मिळवते, फील्डांमध्ये (ऑब्जेक्टमधल्या मूल्यांच्या जागांमध्ये) शून्य किंवा नल असते, आणि त्यानंतर कन्स्ट्रक्टरचा मजकूर चालतो. बाइटकोडमध्ये त्या कन्स्ट्रक्टरचे नावही कोनी कंसातले इनिट असेच असते! म्हणजे हा निकष लावला, तर जावामध्येही कन्स्ट्रक्टर उरत नाही.

खरा फरक असा, की पायथनने निर्मितीची पायरी न्यू या वेगळ्या मेथडच्या रूपाने प्रोग्रामरच्या हाती दिली आहे. टपल किंवा स्ट्रिंगची सबक्लास लिहिताना मूल्य न्यूमध्येच ठरवावे लागते, कारण इनिटपर्यंत पोहोचल्यावर ते बदलता येत नाही. न्यूने दुसऱ्याच क्लासचा ऑब्जेक्ट परत केला तर इनिट बोलावलीच जात नाही. उलट त्याच क्लासचा जुना ऑब्जेक्ट परत केला तर त्याच्यावर इनिट पुन्हा चालते, आणि सिंगलटनची, म्हणजे ज्या क्लासचा एकच ऑब्जेक्ट ठेवायचा असतो त्या ऑब्जेक्टची, आधीची स्थिती नेमकी इथे पुसली जाऊ शकते. रूबीतही अलोकेट आणि इनिशियलाइझ अशी विभागणी आहे. स्विफ्टमध्ये मात्र इनिशियलायझर हेच अधिकृत नाव असल्यामुळे तिथे वादच नाही.

इनिशियलायझर हा शब्द इतरत्र निराळ्या अर्थाने येतो, आणि तिथला गोंधळ मला अधिक गंभीर वाटतो. सी शार्पमध्ये सबक्लासच्या फील्डांचे इनिशियलायझर (फील्डच्या घोषणेतच मूल्य नेमून देणारा भाग) बेस क्लासच्या कन्स्ट्रक्टरआधी चालतात, जावामध्ये तो कन्स्ट्रक्टर संपल्यावर. त्यामुळे बेस कन्स्ट्रक्टरने सबक्लासमध्ये ओव्हरराइड केलेली (नव्याने लिहिलेली) मेथड बोलावली, तर सी शार्पमध्ये तिला फील्डचे नेमून दिलेले मूल्य दिसते, जावामध्ये बहुधा नल किंवा शून्य. सी प्लस प्लसमधली इनिशियलायझर यादी (कन्स्ट्रक्टरच्या मजकुराआधी सदस्यांची, म्हणजे फील्डांची, मूल्ये देणारी यादी) ही तिसरीच गोष्ट आहे: सदस्यांना मूल्ये मिळतात ती त्यांच्या घोषणेच्या क्रमाने, यादीतल्या क्रमाने नव्हे.

म्हणून दस्तऐवजात केवळ इनिशियलायझर असे न लिहिता फील्डचा इनिशियलायझर, सदस्यांची इनिशियलायझर यादी किंवा सरळ इनिट मेथड, असे पूर्ण नाव लिहावे.