खुर्ची कुणाची सरकते आणि झोप कुणाची मोडते

“आमच्याच घरात पाय टाकताना भ्यायचं व्हय? पोराला खेळू द्यायचं न्हाई?” वरखालच्या शेजाऱ्यांच्या आवाजाच्या भांडणात आमच्याकडे सल्ल्याला आलेल्या, कोल्हापुरातल्या कळंबा भागातल्या एका अपार्टमेंटमधल्या बाईंचा हा पहिलाच प्रश्न होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घरात नवरा आणि सहा वर्षांचा मुलगा. खालच्या मजल्यावरचे काका फौंड्रीतून निवृत्त झालेले. आवाज झाला की ते काठीनं छत ठोकायचे. बाईंनी तीन महिने टीव्ही पुटपुटत ठेवला, मुलाला ओरडून गप्प बसवलं, तरी ठोकणं थांबेना. उलट संध्याकाळ झाली की बाईंच्याच छातीत धडधड सुरू व्हायची.

अशा वेळी दोन्ही घरं ‘स्वभावा’वर भांडतात. आम्ही आधी आवाजाची वही ठेवायला सांगतो. सात दिवस, चार रकाने: वेळ, कशाचा आवाज, किती मिनिटं, खालून ठोकलं का. वही भरून आली तेव्हा बाई स्वतःच चकित झाल्या. टीव्हीला एकदाही ठोकलं नव्हतं. रात्री साडेदहाला जेवणाच्या खुर्च्या सरकल्या की मात्र हमखास काठी वाजायची. सकाळी मिक्सर लागला की, आणि मुलानं सोफ्यावरून उडी मारली की, तेच. म्हणजे सोडायला नको होतं ते सोडलं होतं, आणि त्रास होता तो तसाच होता.

कारण सोपं आहे. टीव्हीचा आवाज हवेतून जातो आणि स्लॅब त्यातला बराचसा अडवतो. खुर्ची, टाच, मिक्सर थेट स्लॅबलाच हलवतात, मग खालच्या खोलीचं छतच स्पीकर होतं. वर ‘खर्र’ ऐकू येतं, खाली पाटा ओढल्यासारखं.

दुसऱ्या आठवड्यात बाईंना खाली जायला सांगितलं. तक्रार ऐकायला नव्हे, नुसतं ऐकायला. काकूंनी चहा टाकला. बाई काकांच्या पलंगाशेजारी उभ्या राहिल्या आणि वर नवऱ्याला फोन करून खुर्ची ओढायला लावली. फळीवरचं स्टीलचं झाकण थरथरलं. “एवढं येतंय?” एवढंच त्या म्हणाल्या. काका काही बोलले नाहीत, पण त्या रात्री काठी वाजली नाही.

मग उपाय. खुर्च्यांना चिकटवायचे फेल्टचे तुकडे ओल्या पोछ्यानं महिन्या-दोन महिन्यांत सुटतात, म्हणून पायाच्या मापाची रबरी टोपणं बसवली. सैल टोपण आत घुसलेल्या खड्यासकट फरशी ओरबाडतं, त्यामुळे माप महत्त्वाचं. मिक्सर भिंतीला टेकू द्यायचा नाही. त्याखाली दहा-बारा मिलिमीटर जाडीचे चार रबरी तुकडे, फक्त पायांखाली. अख्खी चटई घातली तर तळाची हवेची भोकं बुजतात आणि मोटर तापते. मुलाच्या धावण्याच्या पट्ट्यात जाड गालिचा, खाली फोमचा थर. नुसती सतरंजी पायाला ऊब देते, आवाज अडवत नाही. सोफ्यासमोर जुनी गादी. संध्याकाळी सात ते आठ मुलाची दंगा करायची हक्काची वेळ.

भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा पातळ फोम लावायचा सल्ला हमखास मिळतो. त्यानं खोलीतला घुमारा कमी होतो, शेजाऱ्याकडे जाणारा आवाज जवळजवळ तसाच राहतो. पैसे वाया.

नवऱ्याची हलगी उरली. तिचा कडक आवाज खिडकीतून चौकभर जातो. चामड्यावर घडी केलेला नॅपकिन टाकून मनगटाचा सराव घरी, बाकी वाजवणं तालमीच्या मैदानावर.

“पोलिसात गेलं तर?” हेही विचारलं जातंच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री लाऊडस्पीकर दणदणला तर ११२ जरूर लावा. खुर्चीच्या खरखरीला मात्र हा कायदा फारसा उपयोगी नाही. मोबाइलवरचं डेसिबलचं ॲप आधी-नंतरची तुलना करायला ठीक. भांडणात पुरावा म्हणून दाखवू नका.

काकांच्या कानाबद्दल आम्ही बाईंना एक शब्दही काढू दिला नाही. “तुमचंच काहीतरी बिघडलंय” म्हटलं की दार बंद होतं. तीन आठवड्यांनी काकूच त्यांना श्रवणतज्ज्ञाकडे घेऊन गेल्या. वर्षानुवर्षं कास्टिंग घासण्याच्या गोंगाटात काम केलं की बारीक आवाज ऐकू येईनासे होतात, आणि मोठा आवाज मात्र एकदम अंगावर येतो. काका दिवसभर कानात बोळे घालून बसायचे. शांततेला सरावलेला कान आणखी हळवा होतो. ते बोळे दिवसा काढायला सांगितले, रात्री पंख्याचा एकसारखा आवाज चालू.

सगळ्यात जास्त उपयोग एका साध्या मेसेजचा झाला. सोसायटीच्या ग्रुपवर नाही, थेट काकूंना, आदल्या दिवशी: “उद्या पाहुणे आहेत, रात्री साडेनऊपर्यंत वर्दळ राहील.” कधी थांबणार हे माहीत असलेला आवाज माणूस सोसतो, जीव खातो तो कधीही सुरू होणारा.

गणपतीत पुन्हा दोन रात्री ठोकाठोक झाली. खुर्चीचं टोपण फाटलं की हल्ली पहिल्यांदा काकांनाच कळतं, ते काठी न उचलता वर फोन करतात, “खिडकीकडच्या खुर्चीचं गेलंय बघा.”