वाइनच्या द्राक्षांची लागवड: बी, काडी की कलम?

प्रश्न (सांवेर, जि. इंदूर): दोन बिघे वाइनच्या द्राक्षांसाठी राखले आहेत. जमीन काळी, विहिरीचे पाणी जरा मचूळ. मुलाने द्राक्षांच्या बिया जमवल्या आहेत, आणि नाशिकचे मेव्हणे शिराझ या वाइनच्या जातीच्या काड्या द्यायला तयार आहेत. यातले काय लावावे?

उत्तर: बियांचा विचार सोडून द्या. बी उगवेल, वेलही वाढेल, पण तो शिराझ नसेल. द्राक्षाच्या प्रत्येक बीत गुणांची नवी सरमिसळ होते. कॅबर्ने सोव्हिन्यों ही जात कॅबर्ने फ्रांक आणि सोव्हिन्यों ब्लां यांच्या नैसर्गिक संकरातून आली, हे १९९७ साली डीएनए तपासणीतून कळले. म्हणजे असे एकच रोप निघाले आणि पुढे जगभर पसरले ते काड्या आणि कलमांनी. आपल्याला जात जशीच्या तशी हवी, तेव्हा काडीच.

पण ती थेट जमिनीत नको, खुंटावर, म्हणजे दुसऱ्या द्राक्षवेलाच्या मुळांसकट बुंध्यावर, कलम करून लावा. मचूळ पाणी असेल तर क्षार पानांपर्यंत चढतात, कडा करपतात आणि वेल दोन-चार वर्षांत खचतो. युरोपात १८६० नंतर फायलॉक्सेरा नावाच्या किडीने मुळे खाल्ली, म्हणून तिथे अमेरिकन खुंटावर कलमे बांधू लागले. महाराष्ट्रात खुंट आला तो मुख्यतः क्षार आणि पाणीटंचाईमुळे. तुमची अडचण हीच आहे.

खुंट कोणता, हे माती-पाण्याच्या तपासणीवर ठरवू. डॉगरिज क्षार चांगला सोसतो, पण वेलाला फार जोर देतो. पाला माजला की घड सावलीत राहतात, आणि वाइनसाठी ते मला पसंत नाही. पाणी फार खारे नसेल तर ११० आर बरा.

खुंटाची रोपे फेब्रुवारी-मार्चमध्ये लावा, पावसाळ्यात वाढू द्या. कलम सप्टेंबरच्या उत्तरार्धात, पाऊस ओसरला की करा. आपल्याकडे थंडी नाशिकपेक्षा कडक पडते, त्यामुळे फार लांबवले तर काडीचे डोळे (कोंब) फुटायला अडखळतात. कलमकाडी पेन्सिलीएवढी जाड, पक्की तपकिरी, दोन डोळ्यांची हवी. खुंट जमिनीपासून फूटभर उंचीवर छाटून मधोमध चीर द्या, काडीचे टोक दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे तासून त्यात बसवा. सालीखालचा हिरवट पापुद्रा नीट बघा. काडीचा आणि खुंटाचा तो पापुद्रा निदान एका बाजूला भिडलाच पाहिजे, कारण जोड तिथूनच धरतो. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर मधोमध न ठेवता कडेला सरकवा. मग प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधा. पुढे खुंटावर येणारे फुटवे काढत राहा, आणि जोडाला माती लागू देऊ नका, नाहीतर काडीला स्वतःची मुळे फुटतील आणि खुंट वाया जाईल.

मेव्हण्यांना आधीच सांगून ठेवा: फळे उतरायच्या वेळी ज्या वेलाची पाने शिरांमध्ये लालसर होऊन खाली वळतात, त्याला फीत बांधा आणि त्याची काडी घेऊ नका. तो पानवळीचा विषाणू असू शकतो, तो काडीबरोबर येतो आणि त्यावर फवारणी चालत नाही.

वाइनची द्राक्षे बारीक आणि बियांची असतात, मंडीत कोणी हात लावत नाही. म्हणून खुंटाची रोपे सांगण्याआधी वाइनरीशी जात आणि दर दोन्ही लेखी ठरवा. माती आणि पाण्याचे नमुने या महिन्यात द्या, अहवाल घेऊन या, म्हणजे खुंट नक्की करता येईल.