अक्कलदाढ काढायला ठाण्यात ४ हजार की १२ हजार?

तुम्ही विचारलंय की वय २६, राहायला ठाण्यात, खालची डावी अक्कलदाढ आडवी आहे. एका दवाखान्यात ४ हजार सांगितले, दुसऱ्या ठिकाणी १२ हजार. एवढा फरक कसा, आणि मुळात ती काढायलाच हवी का?

मीही ठाण्यातच, नौपाड्यात राहते. माझ्या खालच्या दोन्ही अक्कलदाढा काढून झाल्यात. उजवी २०२२ मध्ये घराजवळच्या खासगी दवाखान्यात, डावी २०२४ मध्ये नेरूळच्या एका डेंटल कॉलेजात. दोन्हीकडच्या पावत्या फाइलीत आहेत, त्या समोर ठेवूनच लिहितेय.

आधी फरकाचं. अक्कलदाढेला असा एक ठरलेला भाव नसतो, ती जबड्यात कशी बसलीय त्यावर सगळं आहे. सरळ उगवलेली असेल तर इतर दाढांसारखीच पकडीने निघते, बऱ्याचदा पाव तासात. तुमच्यासारखी आडवी, अर्धी हिरडीखाली आणि अर्धी हाडात असेल तर आधी हिरडी चिरून बाजूला करावी लागते, भोवतीचं हाड थोडं कोरावं लागतं, दाढेचे तुकडे करून एकेक तुकडा बाहेर काढावा लागतो आणि शेवटी टाके घालावे लागतात. दवाखान्यातली माणसं पहिल्या प्रकाराला ‘सिंपल’ आणि दुसऱ्याला ‘सर्जिकल’ किंवा ‘इम्पॅक्शन’ म्हणतात. मी २०२२ मध्ये नौपाडा, पाचपाखाडी आणि घोडबंदर रोड इथल्या मिळून चार दवाखान्यांत विचारलं होतं, तेव्हा सिंपलचे दीड-दोन हजार आणि सर्जिकलचे ६ ते १२ हजार असे आकडे मिळाले होते. म्हणजे तुम्हाला सांगितलेले दोन्ही आकडे खरे असू शकतात, फक्त ते दोन वेगवेगळ्या कामांचे असतील.

म्हणून पहिला प्रश्न पैशांचा नको. ‘ओपीजी पाहून सांगताय का?’ हा हवा. ओपीजी म्हणजे दोन्ही जबडे एकाच चित्रात दाखवणारा मोठा एक्स-रे. हनुवटी टेकवून उभं राहायचं, यंत्र डोक्याभोवती फिरतं, अर्ध्या मिनिटात काम होतं. मला स्टेशनजवळच्या सेंटरवर ६०० रुपये पडले. तो न पाहता नुसतं तोंडात डोकावून सांगितलेला आकडा हा अंदाज असतो आणि तो जवळजवळ नेहमी वरच सरकतो. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं.

२०२२ च्या दिवाळीत उजवीकडची हिरडी सुजली. अर्धवट उगवलेल्या दाढेवर हिरडीची एक झडप राहते, तिच्याखाली अन्न अडकतं, तिथे जंतू वाढतात आणि जागा पिकते. फराळाच्या दिवसांत माझं तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं, चार दिवस मऊ वरण-भातावर काढले. दवाखान्यात डॉक्टरांनी झडपेखाली सिरिंजने सलाइन मारून ती जागा धुतली, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि सूज उतरल्यावर यायला सांगितलं. हे बरोबरच होतं, कारण पिकलेल्या जागी भूल नीट चढत नाही. तपासणी आणि धुण्याचे ४०० घेतले. दाढ काढायला किती लागतील म्हणून विचारलं तर ‘साधारण ६ हजार’ असं उत्तर मिळालं.

दाढ काढायच्या दिवशी मी खुर्चीत, अर्धा ओठ बधिर, तोंडात कापूस. बाहेर नवऱ्याला सांगितलं गेलं की केस अवघड आहे, बाहेरून सर्जन बोलवावे लागलेत, खर्च वाढेल. त्या क्षणी नाही कोण म्हणणार? पावती हातात आली ती अशी: सर्जरी ९०००, मटेरियल १५००, निर्जंतुकीकरण ५००, टाके काढणे ५००. एकूण ११,५००. खरं सांगायचं तर सर्जनचं काम चोख होतं आणि आडव्या दाढेला ९ हजार ही रक्कम मला आजही अवाजवी वाटत नाही. राग आला तो याचा की ओपीजी आठवडाभर त्यांच्याच टेबलावर पडला होता. दाढ पुढच्या दाढेवर रेललेली आहे हे त्यात मलासुद्धा दिसत होतं. तेव्हाच ११ हजार सांगितले असते तर मी तयारीने गेले असते. आणि अवजारं निर्जंतुक करण्याचे वेगळे पैसे रुग्णाकडून घ्यावेत, हे मला अजिबात पटलेलं नाही.

बाहेरून सर्जन बोलावण्यात मात्र गैर काही नाही, उलट ती चांगली गोष्ट आहे. बरेचसे छोटे दवाखाने असंच करतात. बी.डी.एस. झाल्यावर तोंड आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेत तीन वर्षांचं एम.डी.एस. केलेले सर्जन चार-पाच दवाखान्यांत फिरतात आणि त्यांची फी तुमच्या बिलात धरलेली असते. तुम्हाला ४ हजार सांगणाऱ्यांना विचारा की दाढ कोण काढणार. १२ हजारवाल्यांना विचारा की यात सर्जनची फी, टाके काढणं आणि नंतरचं ड्रेसिंग धरलंय का. उत्तर कागदावर लिहून घ्या. संकोच करू नका, चांगले डॉक्टर लगेच लिहून देतात.

आता काढायलाच हवी का, त्याबद्दल. दाढ आडवी आहे एवढ्यावरून काढायची नसते. ब्रिटनमध्ये ‘नाइस’ या सरकारी संस्थेने २००० सालीच सांगितलं होतं की हाडात अडकलेली पण कसलाही आजार नसलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. हिरडी पुन्हापुन्हा सुजतेय, अक्कलदाढ किंवा तिच्या पुढची दाढ किडतेय, दोघींमध्ये हिरडी सुटून खोल कप्पा झालाय, हाडात गाठ दिसतेय, यांपैकी काही असेल तर मात्र टाळू नका. पुढची दाढ चावण्याच्या रोजच्या कामाची असते. आडवी अक्कलदाढ तिला मागून टेकते, त्या फटीत ब्रश पोचत नाही आणि कीड लागली की रूट कॅनाल आणि कॅपचा खर्च त्या चांगल्या दाढेवर येतो. माझ्या डावीकडे हीच सुरुवात ओपीजीत दिसली, म्हणून दुसरी काढली. ‘आलाच आहात तर वरचीही काढून टाकू’ असं कुणी म्हणालं तर कारण विचारा. वरची गालाला चावत असेल किंवा किडलेली असेल तर ते कारण पुरेसं आहे.

दुसऱ्या वेळी मी नेरूळला गेले, तिथे राहणाऱ्या मावशीच्या सांगण्यावरून. आपल्याकडच्या लोकांना हा पर्याय सुचत नाही याचं मला वाईट वाटतं. नवी मुंबईत डेंटल कॉलेजं हाताशी आहेत. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वाय. एम. टी., कामोठ्याला एम. जी. एम. मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर. ठाण्याहून नेरूळ म्हणजे ट्रान्स-हार्बर लोकलने अर्धा-पाऊण तास. माझा तिथला खर्च: केसपेपर ५०, ओपीजी ३००, रक्ताच्या तपासण्या २५०, शस्त्रक्रिया २०००, औषधं ५१०. एकूण ३,११०. नौपाड्यात सगळं धरून जवळपास १४ हजार गेले होते.

फरक वेळेत पडतो. पहिला दिवस नुसता केसपेपर, तपासणी आणि एक्स-रेत गेला, तारीख दोन आठवड्यांनंतरची मिळाली, टाके काढायला पुन्हा एक फेरी. तीन रजा गेल्या. दाढ काढते ती एम.डी.एस. करणारी विद्यार्थिनी, तिच्यामागे शिकवणारे डॉक्टर उभे. खासगीत ४० मिनिटं लागली होती, इथे सव्वा तास. पण त्या मुलीने प्रत्येक पायरीला सांगितलं की आता दाब येईल, आता आवाज येईल. डोळ्यांवर हिरवं कापड होतं. हाड कोरताना कवटीभर घुमणारा आवाज आणि वर थंड पाण्याची धार, एवढंच जाणवतं. दुखत नाही. दाढ फोडताना ‘कट्’ असा एक आवाज आला, तेव्हा मी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि मागच्या सरांनी खांद्यावर हात ठेवला. शेवटी ट्रेमध्ये तीन तुकडे दाखवले. मुळाचं टोक आकड्यासारखं वळलेलं होतं, म्हणून एवढा वेळ.

एक गोष्ट डॉक्टरांशी नक्की बोला, ती नसेची. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते, खालचा ओठ आणि हनुवटीला स्पर्श कळतो तो तिच्यामुळे. काहींच्या अक्कलदाढेची मुळं तिला अगदी खेटून असतात. दाढ काढताना ती दुखावली तर ओठ बधिर राहतो. बहुतेक वेळा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतं, क्वचित कायमचं राहतं. ओपीजीत मुळं नसेवर आलेली दिसली तर डॉक्टर सीबीसीटी सांगतात, म्हणजे जबड्याचा तिन्ही बाजूंनी स्कॅन. मला त्याचे अडीच हजार सांगितले होते, पण गरज पडली नाही. तुम्हाला सांगितला तर तो खर्च फुकटचा समजू नका. मात्र ओपीजीवर बोट ठेवून ‘इथे कशासाठी?’ एवढं विचारा.

दाढ काढल्यानंतरच्या चुकीची किंमत मी मोजलीय. जखमेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तीच जखमेचं झाकण. पहिले २४ तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही, सिगारेट-तंबाखू तर नाहीच. २०२२ मध्ये रक्ताची चव नको वाटली म्हणून मी त्याच संध्याकाळी जोरात चुळा भरल्या. चौथ्या रात्री ठणका सुरू झाला तो थेट कानापर्यंत, तोंडाला घाण वास, गोळीने काही फरक पडेना. याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात, गुठळी निघून हाड उघडं पडतं. सकाळी दवाखान्यात खड्डा धुऊन त्यात ड्रेसिंगची पट्टी भरली आणि पाच मिनिटांत जीव शांत झाला. तिला लवंगेचा वास होता. आजी दाढेत लवंग धरायला लावते, त्यातलंच तेल त्या औषधात असतं. दोन वेळा ड्रेसिंग, प्रत्येकी ३०० रुपये. नेरूळच्या वेळी एकही चूळ भरली नाही आणि काही झालं नाही.

बाकीचं तसं सोपं. पोटभर जेवून जा, जागेवरच्या भुलेला उपाशी राहावं लागत नाही. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, सगळं आधी सांगा, पण स्वतःच्या मनाने कुठलीही गोळी बंद करू नका. गालावर बर्फ पहिल्या दिवशीच. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, त्यामुळे गुरुवारी-शुक्रवारी काढली तर शनिवार-रविवार मिळतो. एक दिवसानंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या. खायला मऊ खिचडी, थंड दही-भात, शिरा. मेट्रोनिडाझोल नावाची अँटिबायोटिक गोळी दिली असेल तर दारू नाही. मेडिक्लेमच्या भरवशावर मात्र राहू नका. बहुतेक पॉलिसींत दातांचा खर्च अपघातामुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तरच मिळतो. माझा दावा नाकारला गेला.

तुमच्या जागी मी असते तर ओपीजी काढून त्याची फाइल फोनवर मागून घेतली असती. पैसे तुम्ही दिलेत, तो तुमचा आहे. तोच या दोन्ही डॉक्टरांना दाखवा, आणि रजा मिळत असेल तर नेरूळलाही घेऊन जा. दुखत नसेल तर घाई नाही, महिनाभर विचार करा. पण या काळात ताप आला, गिळताना त्रास व्हायला लागला किंवा सूज जबड्याखाली गळ्याकडे उतरायला लागली, तर दर विचारत बसू नका. रात्र असली तरी तडक मोठ्या रुग्णालयात जा.